थकवा अंगावर काढू नका: वैमानिकासाठी रोस्टरपासून रनवेपर्यंतचा झोपेचा हिशेब

सलग चौथी पहाटेची ड्यूटी होती आणि त्या दिवसातलं तिसरं सेक्टर, म्हणजे तिसरं उड्डाण. कंट्रोलरनं फ्लाइट लेव्हल थ्री वन झीरो दिली, म्हणजे ३१००० फूट उंची. मी रीडबॅक (ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवणं) खणखणीत दिला, थ्री वन झीरो, आणि हातानं लावलं थ्री थ्री झीरो. शेजारच्या कॅप्टननी त्या आकड्याकडे बोट करून विचारलं, "किती म्हणाला तो?" मी पुन्हा म्हणालो, "थ्री वन झीरो, सर," आणि समोरच्या ३३००० कडे नुसता बघत बसलो. तोंडातला आकडा आणि डोळ्यांसमोरचा आकडा वेगळे आहेत हे डोक्यात शिरायला दोन-तीन सेकंद गेले. चूक वेळेत सुधारली. मला नंतर छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. दहा मिनिटांपूर्वी त्यांनी "ठीक आहेस ना?" असं विचारलं होतं आणि मी "एकदम फ्रेश" म्हणालो होतो. खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं.

थकव्याची सगळी गोम इथे आहे. ताप आला की अंगाला कळतं, पोट बिघडलं की पोटाला कळतं. थकवा मात्र जो मेंदू त्याला ओळखणार, त्यालाच आधी बधिर करतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज सहा तासच झोपू दिलं. चौदाव्या दिवशी त्यांचं लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं, पण त्यांना स्वतःला विचारलं तर ते म्हणत होते, थोडी झोप येतेय, बाकी ठीक आहे. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर हाताची आणि डोळ्यांची अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी होते. दारू प्यायलेला माणूस "मला काही चढलेली नाही" म्हणतो तेव्हा आपण हसतो. जागरणवाल्याचं तेच वाक्य मात्र आपण खरं मानतो.

म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच गोष्टीवर उभी आहे: थकलेल्या अवस्थेत जे निर्णय घ्यावे लागतील ते डोकं ताजं असताना आधीच घेऊन ठेवायचे, आणि आकड्यांत घ्यायचे. पहाटे चार वाजता "मला कसं वाटतंय?" याला उत्तर नसतं. "किती झोपलो, किती वेळ जागा आहे, घड्याळात किती वाजलेत?" याला असतं.

हा लेख मुख्यतः लाइनवर, म्हणजे रोजच्या उड्डाणांवर, नव्यानं आलेल्या फर्स्ट ऑफिसरसाठी (सहवैमानिकासाठी) आहे. पण घरात वैमानिक असेल तर दुसरी आणि सातवी पायरी घरच्यांनीही वाचावी.

पहिली पायरी: रोस्टर आलं त्याच दिवशी पेन घेऊन बसा

बहुतेक जण रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, आलं की सुट्ट्या कुठे आहेत ते बघतात आणि फोन खिशात टाकतात. मीही तेच करायचो. आता तीन गोष्टी खूण करून ठेवतो: पहाटे २ ते ६ या पट्ट्यात जागं राहावं लागणाऱ्या ड्यूट्या, सलग पहाटेच्या ड्यूट्या, आणि पहाटेवरून रात्रीवर किंवा उलट उडी मारणारे दिवस.

२ ते ६ हा पट्टा का? शरीराचं आतलं घड्याळ त्या वेळी तळाला असतं. शरीराचं तापमान सर्वांत कमी, प्रतिक्रिया सर्वांत मंद. दिवसा कितीही झोपलात तरी हा खड्डा पूर्ण बुजत नाही. दुपारी त्याचाच एक उथळ भाऊ भेटतो, आणि संध्याकाळी मात्र उलटं होतं: नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास मेंदू झोपायला सपशेल नकार देतो. पहाटेच्या ड्यूटीचा खरा त्रास उठण्याचा नाही, आदल्या संध्याकाळी झोप न येण्याचा आहे.

हिशेब करून बघू. रिपोर्टिंग ५:३०. प्रवास एक तास, आवराआवरीला पाऊण तास, म्हणजे गजर ३:४५ चा. आठ तास झोपायचं तर पावणेआठला डोळा लागायला हवा, आणि तो लागत नाही. दहाला लागतो. झोप झाली पावणेसहा तास. असे सलग तीन दिवस केले की पावणेसात तासांची उधारी झाली, जवळजवळ एक अख्खी रात्र. यात ना काही बेकायदा आहे, ना तुमची काही चूक.

आता त्याच रोस्टरवर उडी येते. तिसऱ्या रात्री तुम्ही १० ते ६ असे आठ तास मस्त झोपता, चौथ्या दिवशी रिपोर्टिंग रात्री १० ला आणि शेवटचं लँडिंग पहाटे ५:१० ला. सकाळी सहाला उठलेला माणूस ५:१० ला जमिनीवर येतो तेव्हा २३ तास १० मिनिटं जागा असतो. हे वाक्य सावकाश पुन्हा वाचा, कारण रोस्टरवर ते असं दिसत नाही. रोस्टरवर फक्त सव्वासात तासांची किरकोळ ड्यूटी दिसते.

इथे डॉसन आणि मॅक्युलक यांचा २००५ सालचा साधा नियम कामाला येतो. ड्यूटी सुरू होण्याआधीच्या २४ तासांत किमान ५ तास झोप हवी, ४८ तासांत किमान १२, आणि उठल्यापासून ड्यूटी संपेपर्यंतचे जागे तास त्या ४८ तासांतल्या झोपेपेक्षा जास्त नकोत. आपल्या उदाहरणात ४८ तासांत झोप ५:४५ अधिक ८, म्हणजे १३:४५. जागरण २३:१०. पहिल्या दोन अटी पास, तिसरीत दाणकन नापास. आता चौथ्या दिवशी दुपारी दोन ते चार झोप काढली तर? झोप १५:४५, आणि चारला उठल्यापासून लँडिंगपर्यंत १३:१०. पास. दुपारच्या दोन तासांनी घड्याळ पूर्ण शून्यावर येत नाही, पहाटेचा खड्डाही तसाच राहतो, हे मान्य. तरी दोन्ही हिशेबांत दहा तासांचा फरक आहे, आणि तो दुपारच्या एका पडदा ओढण्यानं पडलाय.

म्हणून रोस्टर आलं की ड्यूटीबरोबर झोपही कॅलेंडरवर चढवा: "मंगळवार, १४:०० ते १६:००, झोप". लिहिलेली झोप टिकते. मनातल्या झोपेच्या जागी बँकेची कामं येतात.

दुसरी पायरी: झोपेची सोय, आणि ती मोडणारे हितचिंतक

खोली अंधारी, गार आणि शांत हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. करत मात्र थोडेच. प्रवासाच्या बॅगेत डोळ्यांवरची पट्टी, इयरप्लग आणि पडद्यांची फट बंद करायला दोन चिमटे ठेवा. चिमटे हसण्यावारी नेऊ नका. लेओव्हरच्या (बाहेरगावच्या मुक्कामाच्या) खोलीत सकाळी नऊ वाजता नेमकी तोंडावर येणारी उन्हाची तिरीप मोजून दोन तास खाते.

कॉफी हे औषध आहे, पेय म्हणून दिवसभर ढोसलीत तर औषधाचा गुण जातो. प्यायल्यावर २० ते ३० मिनिटांत ती चढते आणि पाच-सहा तासांनी तिचा निम्मा भाग अंगात शिल्लक असतो. म्हणजे संध्याकाळी सहाची कॉफी मध्यरात्रीही अर्धी जागी असते. झोपायच्या वेळेपासून उलटे सहा ते आठ तास मोजा आणि शेवटच्या कपाची वेळ ठरवून टाका. दारूचं गणित त्याहून वाईट. ती झोप लवकर आणते, मग उत्तररात्री तिचे तुकडे करते. कंपनीच्या मनाईची मुदत पाळून घेतलेला पेगही झोपेचं खोबरं करतोच.

टाइम झोन ओलांडत असाल तर आधी ठरवा की शरीर कुठल्या घड्याळावर ठेवायचं. दोन दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर मी घरच्या घड्याळावरच राहतो, बाहेर लख्ख ऊन असलं तरी. लांब मुक्कामात स्थानिक वेळेकडे सरकतो, आणि त्यासाठी सर्वांत जोरदार हत्यार प्रकाश आहे, गोळ्या नव्हेत. शरीर ढोबळमानानं रोज तासाभरानं सरकतं. पश्चिमेकडे जाणं सोपं, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि दिवस लांबवणं त्याला आवडतं. पूर्वेकडे दिवस आखूड होतो आणि शरीर रुसतं.

घरच्यांना एक विनंती करून ठेवा: दुपारी दोनला बंद असलेल्या दाराला रात्री दोनच्या दाराइतकाच मान. "जरा पाचच मिनिटं उठतोस का?" यातली पाच मिनिटं झोपेच्या मधोमध पडली तर अर्धा तास खातात. २५ जानेवारी २०२४ ला इंडोनेशियात केंडारीहून जकार्ताला निघालेल्या बाटिक एअरच्या ए३२० मध्ये दोन्ही वैमानिक एकाच वेळी २८ मिनिटं झोपले. विमान मार्गावरून थोडं भरकटलं, सुदैवानं १५३ प्रवाशांसह सुखरूप उतरलं. सहवैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी मुलं होती. त्या बापाला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू? पण तान्हं बाळ घरी असताना आपण उडायच्या आदल्या रात्री कुठे झोपणार, हा प्रश्न बाळ येण्याच्या आधी सोडवायचा असतो.

आणि घोरण्याची थट्टा थांबवा. १३ फेब्रुवारी २००८ ला हवाईत होनोलुलूहून हिलोला जाणाऱ्या गो! या कंपनीच्या विमानाचे दोन्ही वैमानिक भर सकाळी झोपी गेले, विमान हिलोच्या पुढे २६ नॉटिकल मैल समुद्रावर गेलं आणि मग त्यांना जाग आली. तपासात कॅप्टनला झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार निघाला, तोवर निदानच झालेलं नव्हतं. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड असेल, घोरणं मोठं असेल, तर तपासणी करून घ्या. उपचारानं हा आजार आटोक्यात येतो आणि उपचार घेत उडणारे वैमानिक आहेत. लपवलेला आजार जास्त धोक्याचा, नोकरीलाही आणि जिवालाही.

तिसरी पायरी: घराबाहेर पडण्यापूर्वीचा हिशेब

बूट घालण्याआधी तीन आकडे कागदावर: २४ तासांतली झोप, ४८ तासांतली झोप, शेवटच्या लँडिंगला किती तास जागा असेन. झोपेची "संधी" नव्हे, प्रत्यक्ष झोप लिहायची. हा फरक जीवघेणा आहे. १४ ऑगस्ट २०१३ ला यूपीएसचं मालवाहू ए३०० पहाटे पावणेपाचच्या सुमाराला अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमजवळ धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. रोस्टर नियमांत बसत होतं. उड्डाणाआधी दोघं थकव्याबद्दलच बोलत होते, ते रेकॉर्डरवर आहे. तपासात निघालं की सहवैमानिकेला विश्रांतीचा वेळ मिळाला होता, त्यात झोप पुरेशी झाली नव्हती.

नियम काय देतात ते नीट समजून घ्या. अमेरिकेचे आत्ताचे नियम ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरच्या अपघातात ५० जण गेले, त्यानंतरच्या धडपडीतून ते आले. त्यातली सहवैमानिका आदली रात्र प्रवासी म्हणून देश ओलांडत ड्यूटीवर पोचली होती. हे नियम ड्यूटीआधी १० तास विश्रांती देतात, त्यात ८ तास अखंड झोपेची संधी. २८ दिवसांत १०० तासांपेक्षा जास्त उड्डाण नाही, ही मर्यादा युरोपातही आहे. मालवाहू विमानांना अमेरिकेनं यातून वगळलं, आणि वर सांगितलेला बर्मिंगहॅमचा अपघात मालवाहू विमानाचा होता. भारताच्या डीजीसीएनं (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकानं) जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सुधारित नियमांत साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली आणि रात्रीची व्याख्या सकाळी सहापर्यंत ताणली. हे सगळे नियम एक सरासरी माणूस धरून लिहिलेले असतात. तुमच्या शेजाऱ्याच्या भिंतीवर रात्रभर ड्रिल चालू होतं हे नियमाला ठाऊक नसतं.

तुमचा आकडा पहिल्या पायरीतल्या नियमात बसला नाही तर कंपनीला फोन करायचा. हा फोन अवघड जातो. मानगुटीवर दहा भुतं असतात: लोक काय म्हणतील, विमान रद्द झालं तर, कमांडचं, म्हणजे कॅप्टन होण्याचं, प्रमोशन जवळ आलंय. म्हणून काय बोलायचं ते आधीच पाठ करून ठेवा. माझं असं आहे: "आजच्या ड्यूटीसाठी मी थकव्यामुळे अनफिट आहे. गेल्या २४ तासांत साडेतीन तास झोप झाली. लेखी रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पाठवतो." तीन वाक्यं. माफी नाही, कहाणी नाही, "बघा जमलं तर" तर अजिबात नाही. पलीकडून "सर, एकच सेक्टर आहे, जरा बघा ना" असं येईल. उत्तर: "हो, समजलं. मी अनफिट आहे." तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणायचं आणि गप्प बसायचं. एका ठिकाणी मला अशा फोननंतर "बरं नाही" या रकान्यात टाकलं होतं. मी दुरुस्ती मागितली आणि ती भांडून करून घेतली, कारण थकवा आजारपणाच्या खात्यात लपला की रोस्टर करणाऱ्याला आपलं रोस्टर चुकतंय हे कधीच कळत नाही.

फोन लवकर करा. रिपोर्टिंगच्या सहा तास आधी केलेला फोन म्हणजे बदली वैमानिक. गेटवर केलेला फोन म्हणजे दीडशे माणसांचा खोळंबा, आणि त्या खोळंब्याच्या धाकानं मग तो फोन होतच नाही.

चौथी पायरी: ब्रीफिंगमध्ये आकडा सांगा

सॅम-पेरेली नावाची सात आकड्यांची मोजपट्टी आहे. १ म्हणजे पूर्ण टवटवीत, ४ म्हणजे थोडा थकलेला, ७ म्हणजे पार गळालेला, नीट काम करणं अशक्य. हवामान, इंधन, पर्यायी विमानतळ झाले की मी म्हणतो, "सर, मी आज चारवर आहे, उतरताना पाच होईन." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा समोरचे कॅप्टन क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तर आत्ताच पाच आहे रे. बरं झालं बोललास. लँडिंग तू कर, आणि मी काही विचित्र केलं तर मोठ्यानं सांग." ज्येष्ठ माणसानं आधी आकडा सांगितला तर धाकट्याची जीभ सुटते. कॅप्टन असाल तर हे काम तुमचं.

मोजपट्टी अर्थातच स्वतःच्या अंदाजावर चालते, आणि तो अंदाज फसवा असतो हे सुरुवातीलाच सांगितलं. म्हणून तो आकडा तिसऱ्या पायरीच्या हिशेबाशी ताडून बघा. साडेचार तास झोपून कुणी "दोन" म्हणत असेल तर त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा.

पाचवी पायरी: हवेत

जांभई हे फार उशिराचं लक्षण नाही, तिला घाबरू नका. घाबरायचं ते यांना: एकच वाक्य दोनदा वाचावं लागणं, रेडिओवर आपलं कॉलसाइन (विमानाला हाक मारायचं नाव) कानावरून जाणं, चेकलिस्टमधली ओळ झाली की राहिली ते न आठवणं, अकारण चिडचिड, आणि एकाच गोष्टीला चिकटून बसणं. शेवटचं सर्वांत वाईट. १८ ऑगस्ट १९९३ ला ग्वांतानामो बे इथे एक डीसी-८ मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. कॅप्टन साडेतेवीस तास जागा होता. अखेरच्या मिनिटांत तो हद्द दाखवणारा एक लुकलुकता दिवा शोधत राहिला, वेग घटतोय हे सहकारी सांगत असताना. तो दिवा त्या दिवशी बंदच होता. तिघंही वाचले. अमेरिकेच्या एनटीएसबीनं (अपघातांचा तपास करणाऱ्या संस्थेनं) थकव्याला अपघाताचं संभाव्य कारण म्हणून प्रथमच स्पष्टपणे नोंदवलं ते याच अपघातात. घड्याळात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते, हेही ध्यानात ठेवा.

झापड येते आहे असं वाटलं तर उजेड वाढवा, पाणी प्या, बोला. शक्य तिथे उभं राहून दोन पावलं टाका. याचा असर दहा-पंधरा मिनिटं टिकतो. झोपेवर खरा इलाज झोपच.

तुमच्या देशाच्या नियमांत आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असेल तर कॉकपिटमधली नियंत्रित विश्रांती वापरा. युरोपात ती चालते, अमेरिकेत नाही. १९९० च्या दशकातल्या नासाच्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना ४० मिनिटांची संधी दिली, त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि उतरतानाची सतर्कता स्पष्टपणे सुधारली. पद्धत काटेकोर आहे. कामाचा बोजा कमी असताना, क्रूझमध्येच, म्हणजे विमान ठरलेल्या उंचीवर सरळ उडत असताना. झोपणारा आधी हस्तांतर करतो: विमान कुणाकडे, इंधन किती, कुठल्या गोष्टीसाठी उठवायचं. खुर्ची मागे, पट्टा नीट, पाय पेडलपासून दूर. केबिन क्रूला कळवायचं आणि ठरलेल्या अंतरानं त्यांनी इंटरकॉमवर बोलून जागा असलेला जागाच आहे याची खात्री करायची. ही इंटरकॉमची पायरी लोक गाळतात, आणि दोघं झोपण्याचे प्रकार होतात ते तिच्याविना. जास्तीत जास्त ४५ मिनिटांत उठवायचं, म्हणजे गाढ झोप लागायच्या आत. उठल्यावर २० मिनिटं काहीही हाती द्यायचं नाही, आणि उतरण सुरू होण्याच्या बरंच आधी हे सगळं संपलेलं हवं.

ती २० मिनिटं का, ते मंगळूरनं शिकवलंय. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२ तिथे धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ जण गेले, ८ वाचले. कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपले होते, घोरण्याचा आवाज रेकॉर्डरवर आहे. उठले ते थेट उतरणीच्या गडबडीत. विमान फार उंच होतं, सहवैमानिकानं गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) म्हटलं, एकदा नाही, तीनदा. गाढ झोपेतून उठल्यावर डोक्यात जी जड ग्लानी असते तिला चौकशी समितीनं कारणांत जागा दिली. नियंत्रित डुलकी आणि लागून गेलेली झोप यांच्यात इतकं अंतर आहे.

सहावी पायरी: अप्रोचची फाटकं आधी ठोका

थकलेला मेंदू "अजून थोडं बघू" म्हणतो. त्याला तो पर्यायच ठेवायचा नाही. अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडची शेवटची उतरण, तिच्या ब्रीफिंगमध्ये रोजच्या गोष्टींबरोबर तीन वाक्यं घाला: १००० फुटांवर वेग, दिशा, उतरण आणि चाकं-फ्लॅप्स ठरलेल्या मर्यादेत नसतील तर गो-अराउंड; "गो-अराउंड" हा शब्द कुणीही उच्चारला तर चर्चा न करता वर जायचं; आणि धावपट्टीचे दिवे दोघांनी मोठ्यानं ओळखायचे. मंगळूरनंतर दुसऱ्या वाक्याला माझ्याकडून सूट नाही.

तिसरं वाक्य ७ जुलै २०१७ च्या रात्रीमुळे. एअर कॅनडाचं ७५९ सॅन फ्रान्सिस्कोला मध्यरात्रीच्या सुमाराला उतरत होतं. शेजारची धावपट्टी बंद होती, तिचे दिवे मालवलेले. क्रूनं टॅक्सीवेलाच (विमानं धावपट्टीकडे जातात त्या रस्त्याला) धावपट्टी मानलं. तिथे चार विमानं रांगेत उभी होती. ए३२० जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत खाली येऊन वर गेलं. कॅप्टन १९ तासांहून जास्त जागा होता आणि त्याच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजत होते. धावपट्टी बंद असल्याची सूचना कागदांत होती, दोघांनी पाहिलीही होती, ऐन वेळी आठवली नाही. म्हणून रात्री उतरताना उपकरणांवरचा अप्रोच उपलब्ध असेल तर तो लावून ठेवा, दृश्य अप्रोचची परवानगी मिळालेली असली तरी. डोळे थकले की त्यांना अपेक्षित तेच दिसतं. उपकरणाच्या सुईला अपेक्षा नसते.

थकव्याच्या दिवशी ऑटोमेशन जास्त वापरा, "हातानं उडवून सराव करू" हा बेत दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. आखूड रस्ता मिळाला तरी घ्यायलाच हवा असं नाही. दहा मैल जास्तीचे मागून घेतले तर इंधन थोडं जळतं, डोक्याला मात्र दोन मिनिटं मिळतात.

सातवी पायरी: इंजिन बंद झाल्यावर

पार्किंग ब्रेक लागला की अंगातला ताण उतरतो आणि साचलेली झोप एकदम कोसळते. नेमकं त्याच वेळी आपण गाडीची किल्ली काढतो. रात्रभर उडून सकाळी स्वतः गाडी चालवत घरी जाणं ही माझ्या मते या नोकरीतली सर्वांत बेफिकिरीनं केलेली गोष्ट आहे. विमान इतकं सांभाळून उडवणारी माणसं गाडीत बसली की एकटी असतात: ना सहवैमानिक, ना ऑटोपायलट, ना कुणी आकड्यावर बोट दाखवणारं. रात्रीच्या ड्यूटीनंतर गाडी नको, हेही रोस्टर आल्या दिवशीच ठरवा. अगदीच इलाज नसेल तर आधी कॉफी प्या आणि क्रू रूममध्ये २० मिनिटं डोळे मिटा. कॉफी चढेपर्यंत डुलकी झालेली असते.

मग रिपोर्ट. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं २०११ मध्ये थकव्याच्या जोखमीचं व्यवस्थापन आपल्या मानकांत आणलं. ही सगळी व्यवस्था तुमच्यासारख्यांच्या रिपोर्टवर चालते. "फार दमलो होतो" असं लिहिलंत तर ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. असं लिहा: "सलग तीन ड्यूट्या, रिपोर्टिंग ५:३०. झोप ५:४५, ५:३०, ५:००. चौथ्या दिवशी रात्री २२:०० ला रिपोर्टिंग. शेवटच्या ४८ तासांत झोप १२:३०, लँडिंगला जागा २२:५०. सॅम-पेरेली निघताना ४, उतरताना ६. उतरणीत एक रेडिओ कॉल सुटला, सहकाऱ्यानं पकडला. सूचना: पहाटेच्या आणि रात्रीच्या ड्यूटीच्या या जोडीमध्ये एक मोकळी रात्र." पाच मिनिटांचं काम आहे. त्याच जोडीवर आणखी चौघांनी असंच लिहिलं की रोस्टर विभागाला ती जोडी मोडावी लागते. मी हे दोनदा होताना पाहिलंय, आणि दोन्ही वेळा पहिला रिपोर्ट सर्वांत धाकट्या फर्स्ट ऑफिसरचा होता.

फॉर्म भरायचा तो झोपण्यापूर्वी, आकडे आठवतायत तोवर. मग फोन सायलेंटवर आणि पडद्याला चिमटे.